मस्कीच्या वीतभर ल्यूअरने लार्जमाउथ बास: नवख्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या फिशिंगच्या दुकानात बासची रांग संपून मस्कीची रांग सुरू झाली की लेबलं वाचावी लागत नाहीत. बासचे ल्यूअर, म्हणजे नकली आमिषं, बोटभर असतात, मस्कीचे वीतभर किंवा त्याहून मोठे. मस्की म्हणजे मस्कलंज. पाइकच्या कुळातला, तोंडभर दात असलेला, चार फुटांच्याही पुढे वाढणारा उत्तरेकडचा मासा. विस्कॉन्सिनचा तो राज्यमासा आहे, आणि दहा हजार वेळा फेकावं तेव्हा एकदा लागतो अशी त्याची ख्याती. त्याच्यासाठी बनवलेल्या या धुडांवर लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा मासाही झडप घालतो. त्यासाठी काय घ्यायचं आणि काय करायचं, ते क्रमाने सांगतो. थोडंफार बास फिशिंग केलेलं आहे, पण एवढा मोठा ल्यूअर कधी बांधलेला नाही, अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

आधी अपेक्षा जागेवर आणा

लार्जमाउथचं तोंड नावाला शोभेलसंच आहे. तो भक्ष्य चावत नाही. जबडा उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. सडपातळ मासा असेल तर स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, कधी त्याहूनही मोठा, सहज गिळतो. म्हणजे वीस इंची बासला सात-आठ इंचांचा ल्यूअर हे रोजचंच जेवण आहे. त्याच्या दृष्टीने मोठ्या घासाचा एक फायदाही असतो: दहा छोट्या माशांमागे धावण्यापेक्षा एकाच झडपेत पोट भरतं.

पण ‘मोठा ल्यूअर म्हणजे मोठा मासा’ हा काही निसर्गनियम नाही. जॉर्ज पेरीने 1932 मध्ये जॉर्जिया राज्यात 22 पौंड 4 औंसांचा, जागतिक विक्रमाचा बास पकडला, तो त्या काळच्या साध्या आकाराच्या लाकडी ल्यूअरवर. त्या विक्रमाशी बरोबरी झाली 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात. मानाबू कुरिताने तो मासा जिवंत ब्लूगिल (एक छोटा मासा) लावून पकडला होता. उलट बारा इंचांचा पोरगेलासा बास आठ इंची ल्यूअरवर धावून येतो, हेही नेहमीचंच. मोठ्या ल्यूअरने एवढंच होतं की लहान माशांचे ठोके खूप कमी होतात आणि जे लागतात त्यांची सरासरी वाढते. दिवसभर फेकून एकही मासा न लागणं हा या पद्धतीतला सामान्य दिवस आहे. मुलांना पहिल्यांदा तळ्यावर नेणार असाल तर हा उद्योग करू नका. त्यांना गांडूळ आणि बॉबर (पाण्यावर तरंगणारा गोळा) द्या, सनफिश लागतील आणि सगळे खूश राहतील.

लायसन्स आणि नियम

प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं. बहुतेक राज्यांत सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतं. ‘रहिवासी’ दराचा नागरिकत्वाशी संबंध नाही. राज्यात ठरावीक काळ राहत असल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे व्हिसावर असलेल्यांनाही स्वस्तातलं लायसन्स मिळू शकतं. भारतातून आलेले आई-वडील मात्र पाहुणे. त्यांनी नुसता रॉड हातात धरला तरी त्यांच्या नावाचं बाहेरच्यांसाठीचं लायसन्स हवं. ‘बाबा नुसते धरून उभे होते’ हे तपासणीला येणाऱ्या वॉर्डनला पटत नाही.

नियमपत्रिका दरवर्षी नव्याने बघा. न्यू जर्सीत 15 एप्रिल ते 15 जून या काळात बास पकडला तरी लगेच सोडावा लागतो. टेक्ससच्या लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास ठेवता येत नाही. तळ्यात मस्की असेल तर तिचा हंगाम आणि किमान लांबी आधीच वाचून ठेवा, कारण तुम्ही बाससाठी फेकताय हे तिला माहीत नसतं. मिनेसोटात ती लांबी 54 इंच आहे. थोडक्यात, चुकून लागलेली मस्की घरी न्यायची नाही.

तळं निवडणं

मोठ्या ल्यूअरला दोन गोष्टी लागतात: तळ्यात मोठे बास, आणि त्या बासना मोठं भक्ष्य खायची सवय. दुसरी गोष्ट लोक विसरतात. कॅलिफोर्नियात हा प्रकार कसा रुजला ते बघा. 1959 मध्ये सॅन डिएगोच्या जलाशयांत फ्लोरिडाच्या जातीचे बास आणून सोडले. त्याच जलाशयांत गळकऱ्यांसाठी रेनबो ट्राउटही सोडले जात होते. बासनी त्या ट्राउटवर ताव मारला आणि भोपळ्यासारखे फुगले. मग लोकांनी ट्राउटच्या आकाराचे आणि रंगाचे आठ-दहा इंची स्विमबेट, म्हणजे पोहत्या माशासारखे ल्यूअर, बनवायला सुरुवात केली. मस्कीच्या ल्यूअरने बास पकडणं ही त्याच विचाराची उत्तरेकडची शाखा.

तेव्हा तुमच्या तळ्यातला बास काय खातो, याचा आधी शोध घ्या. शॅड, एलवाइफ, गोल्डन शायनर, ट्राउट किंवा हाताएवढे ब्लूगिल असे खाद्यमासे असतील तर मोठा ल्यूअर चालेल. अपार्टमेंटच्या मागच्या छोट्या तळ्यात, जिथे सगळे बास दहा इंचांचे आहेत, तिथे तो घेऊन जाण्यात अर्थ नाही.

न्यू जर्सीतल्या मंडळींना लेक होपॅटकाँग आणि ग्रीनवुड लेक ही दोन ठिकाणं उत्तम. दोन्हीकडे मस्की आणि बास एकत्र नांदतात. एडिसनहून होपॅटकाँग साधारण तासाभरावर आहे. मिनियापोलिसकडे मिनेटोंका, न्यू यॉर्कच्या पश्चिम टोकाला शटॉक्वा, केंटकीत केव्ह रन. डॅलसच्या लोकांना लेक फोर्क. तिथे मस्की नाही, पण बास मात्र असा आहे की मस्कीचा ल्यूअर त्याला मोठा वाटत नाही.

कोणता ल्यूअर घ्यायचा

मस्कीच्या रांगेतलं बहुतेक सामान बासच्या कामाचं नाही. पाउंडर नावाचा बुलडॉग ल्यूअर नावाप्रमाणे एक पौंडाचा असतो. तो फेकून संध्याकाळी खांदा दुखेल, बाकी काही होणार नाही. माझ्या मते नवख्याने तीनच प्रकार बघावेत, आणि विकत सुरुवातीला एकच घ्यावा.

पहिला पाण्यावर चालणारा, मागे फिरती शेपटी असलेला ल्यूअर. रिव्हर टू सी कंपनीचा व्हॉपर प्लॉपर हा त्यातला प्रसिद्ध. लॅरी डालबर्ग यांनी तो मस्की डोळ्यांसमोर ठेवून बनवला होता. 190 मिलिमीटरचा होता तो. पुढे बासवाल्यांनी 130 चा आकार असा काही उचलून धरला की आता तो त्यांचाच वाटतो. तुम्हीही 130 पासूनच सुरुवात करा. वजन सुमारे 1.4 औंस, म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास. त्याला खास स्विमबेट रॉड लागत नाही, आणि ओढायला काही कौशल्य लागत नाही: फेका, सरळ गुंडाळा. शेपटी गुडगुड आवाज करत फिरते. 190 नंतर घेता येईल.

दुसरा बकटेल, म्हणजे तारेवर फिरणारी पाती आणि मागे केसांचा किंवा चमकत्या धाग्यांचा झुपका. डबल काउगर्लसारखे दोन भल्या मोठ्या पात्यांचे बकटेल ओढताना मनगटाचा जीव काढतात. बाससाठी एका पात्याचा, मेप्स मस्की किलरच्या आकाराचा पुरतो. पाणवनस्पती पृष्ठभागाच्या फूटभर खाली येऊन थांबलेल्या असतात, तिथे त्यांच्या डोक्यावरून हा ल्यूअर नेण्यात खरी मजा आहे.

तिसरा मऊ प्लास्टिकचा, बुलडॉगच्या छोट्या आकारातला. जड डोकं आणि लांब वळवळती शेपूट. पाण्यात खोल जातो आणि थंड पाण्यात उपयोगी पडतो. पण तळाला अडकून हरवण्याचं प्रमाणही याचंच जास्त, म्हणून हा शेवटी घ्या.

रात्रीसाठी एक जुनं नाव सांगायलाच हवं: आर्बोगास्टचा जिटरबग. 1930 च्या दशकापासून बाजारात आहे, आणि मस्कीच्या आकारातही मिळतो. काळ्या रंगाचा घ्या. अंधारात मासा खालून वर बघतो तेव्हा त्याला रंग दिसत नाही, फक्त आकृती दिसते, आणि काळी आकृती सर्वांत ठळक. दिवसाच्या रंगांवर फार डोकं शिणवू नका. तळ्यात शॅड असतील तर चंदेरी, ब्लूगिल असतील तर हिरवट-तपकिरी. दुकानातले बाकीचे रंग मुख्यतः माणसांना पकडण्यासाठी असतात.

रॉड, रील आणि लाईन

पैसे वाचवायचे असतील तर ल्यूअरवर वाचवा, रॉडवर नको. बासच्या नेहमीच्या रॉडवर ल्यूअरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते, साधारण पाऊण ते एक औंस. त्यावर तीन औंसांचा ल्यूअर फेकला तर रॉड तुटेल, किंवा लाईन तुटून ल्यूअर एकटाच तळ्याच्या मध्यावर जाईल. दुसरा प्रकार जास्त वेळा घडतो आणि जास्त महाग पडतो.

साडेसात ते आठ फुटांचा, हेवी ताकदीचा, दोन ते सहा औंसांच्या दरम्यानचं वजन पेलणारा स्विमबेट रॉड घ्या. खास मस्कीचा रॉडही चालतो, पण तो इतका कडक असतो की तीन पौंडांचा बास लागल्याचं कळतच नाही. 130 चा व्हॉपर प्लॉपर एवढंच वापरणार असाल तर फ्रॉगसाठीचा, म्हणजे बेडकासारख्या ल्यूअरसाठीचा, हेवी रॉड पुरतो.

रील बेटकास्टिंगचं, म्हणजे आडव्या स्पूलचं (लाईन गुंडाळायच्या रिळाचं) हवं, 300 आकाराचं. गोल आकाराचं जुनं ॲबू गार्सिया 6500 सेकंडहँड मिळालं तर बिनधास्त घ्या, ते यंत्र पिढीजात टिकतं. स्पिनिंग रीलवर हा उद्योग करू नका. जड ल्यूअर फेकताना लाईन बोटावर धरावी लागते आणि ब्रेड (विणलेल्या धाग्यांची) लाईन बोट कापते.

पाण्यावरच्या ल्यूअरला 65 पौंडी ब्रेड. बुडणाऱ्या ल्यूअरला 20 ते 25 पौंडी फ्लोरोकार्बन (एकसंध प्लास्टिकची लाईन) काही लोकांना आवडतं, पण फेकताना रीलवर गुंता झाला की जड ल्यूअरचा झटका ती लाईन मटकन तोडतो. नवख्याने दोन्हीला ब्रेडच ठेवावी. तळ्यात मस्की, पाइक किंवा पिकरेलसारखा दातांचा मासा असेल तर पुढे किमान फूट-दीड फूट 80 पौंडी किंवा त्याहून जाड फ्लोरोकार्बनचा लीडर बांधा. हा लीडर तुमच्या ल्यूअरसाठी कमी आणि माशासाठी जास्त आहे. दातांनी लाईन कापली गेली तर तो तोंडात दोन तिहेरी गळ घेऊन फिरत राहतो.

गाठीबद्दल एक छोटी गोष्ट. पालोमार गाठीत अख्खा ल्यूअर फासातून काढावा लागतो, आणि या आकाराच्या ल्यूअरचे गळ तिथेच लाईनला अडकतात. म्हणून गाठ दणकट स्नॅपला (उघडझाप होणाऱ्या तारेच्या क्लिपला) मारा आणि मग ल्यूअर स्नॅपमध्ये अडकवा. बासच्या सामानात मिळणारा बारीक स्नॅप मात्र वापरू नका, तो सरळ होतो.

गळ बदलून घ्या

मस्कीच्या ल्यूअरवरचे तिहेरी गळ जाड तारेचे असतात, कारण मस्कीचा जबडा कठीण हाडाचा आणि दाब प्रचंड. बासच्या तोंडात ते नीट रुतायला जोर लागतो. एक आकार लहान आणि थोडे बारीक तारेचे, धारदार गळ बसवा. स्प्लिट रिंग (गळ अडकवायची दुहेरी कडी) उघडायची पक्कड त्यासाठी लागेल. बदलल्यावर ल्यूअर बादलीत किंवा बाथटबमध्ये तरंगवून बघा. वजन कमी झालं की काही ल्यूअरचा तोल जातो आणि ते आडवे पडून चालतात. सूइकसारखे तोलावर चालणारे ल्यूअर याबाबतीत फार नाजूक, त्यांना हात न लावलेला बरा.

पोटाखालचा गळ सर्वांत महत्त्वाचा. बास मोठं भक्ष्य बरेचदा डोक्याकडून किंवा पोटाकडून घेतो, शेपटीला चावून बसत नाही. पकडीने गळांचे उलटे काटे दाबून टाका. मासे थोडे जास्त निसटतील, पण गळ तुमच्या तळहातात घुसला तर इमर्जन्सी रूमची फेरी वाचेल. चष्मा आणि टोपी कायम घाला.

फेकण्याचा सराव

घरामागच्या हिरवळीवर गळ काढून सराव करा. बासवाले मनगटाने झटका मारून फेकतात, ते इथे विसरा. ल्यूअर रॉडच्या टोकापासून दोन फूट खाली लोंबता ठेवा, रॉड दोन्ही हातांनी धरा, मागे हळू न्या, वजनाने रॉड वाकल्याचं जाणवू द्या, मग गोफण फिरवावी तशी एका सलग चालीत पुढे सोडा. रीलचा ब्रेक सुरुवातीला घट्ट ठेवा आणि ल्यूअर पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठ्याने स्पूल थांबवा. नेमका तिथेच बहुतेकांचा गुंता होतो. आणि फेकण्याआधी दर वेळी मागे बघा. होडीत दुसरा माणूस असेल तर त्याला तोंडाने सांगा. तीन औंसांचा ल्यूअर कपाळावर बसला तर टाके पडतात.

कधी आणि कुठे

वसंतात पाणी पन्नास ते साठ फॅरनहाइटच्या दरम्यान येतं, तेव्हा अंडी घालण्याआधी मोठ्या माद्या खाऊन घेतात. तेव्हा खोल पाण्याच्या कडेला, उथळ खाडीच्या तोंडाशी, मऊ ल्यूअर अगदी सावकाश. एकदा बास घरट्यावर बसले की त्यांना सोडून द्या. नर अंड्यांची राखण करत असतो आणि त्याला ओढून नेलं तर ब्लूगिल काही मिनिटांत घरटं साफ करतात. कायदा परवानगी देत असला तरी मला ते पटत नाही.

उन्हाळ्यात पहाट, संध्याकाळ आणि रात्र. भर दुपारी वीतभर ल्यूअर लख्ख पाण्यात ओढला तर बासला त्याची तपासणी करायला भरपूर वेळ मिळतो. ढग, वारा, पाण्यावरची लहर, गढूळपणा, अंधार हे सगळे तुमच्या बाजूचे. शरद ऋतू माझ्या लेखी सर्वोत्तम. पाणी उतरतं, वनस्पती मरू लागतात, एलवाइफ आणि शॅडचे थवे किनाऱ्याकडे सरकतात आणि त्यांच्यामागे बास.

जागा नेहमीच्याच: पाण्यात घुसलेलं भूशिर, पाणवनस्पतींची बाहेरची कड, बुडालेलं झाड, धक्क्याची सावली. फक्त एका जागी वीस वेळा फेकू नका. मोठ्या ल्यूअरला मोठा बास पहिल्या दोन-तीन फेकीतच उत्तर देतो, नाहीतर सावध होतो. पुढे सरका.

ओढणं, आणि मागे येणारा मासा

मस्कीवाले बकटेल वेगाने पळवतात. बाससाठी निम्म्या वेगाने, पण पाती फिरत राहतील इतका. व्हॉपर प्लॉपर आणि जिटरबग एकाच गतीने. रात्री तर मध्ये थांबूच नका, मासा आवाजाच्या आणि कंपनाच्या अंदाजाने झेप घेतो आणि थांबलात तर त्याचा नेम चुकतो. दिवसा झाडाजवळून जाताना क्षणभर थांबवून बघायला हरकत नाही. मऊ ल्यूअर तळाजवळ उतरू द्या, रॉडने हळूच पुढे ओढा, परत उतरू द्या.

मोठ्या ल्यूअरच्या मागे बास नुसताच येतो आणि वळून जातो, हे वारंवार होईल. त्याचा वैताग मानू नका. तिथे मोठा मासा राहतो हे तुम्हाला फुकट कळलं. जागा नकाशात खूण करून ठेवा, उजेड कमी झाला की परत या, आणि वाटल्यास त्याच जागी लहान ल्यूअर टाका. ल्यूअर होडीजवळ आला की लगेच उचलू नका. रॉडचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठचा आकडा एकदा काढा. मस्कीवर हा डाव जास्त चालतो, बासवर कधीकधी, पण त्याला खर्च काहीच नाही.

मासा लागल्यावर

पाण्यावर स्फोट झाला की हात आपोआप झटका मारतो, आणि ल्यूअर कानाजवळून मागे जातो. आवाज ऐकून झटका मारायचा नाही. गुंडाळत राहा, वजन जाणवलं की रॉड बाजूला सलग ओढा. ब्रेड ताणत नाही, म्हणून रीलचा ड्रॅग, म्हणजे माशाने जोर लावला की लाईन सोडणारा ब्रेक, किंचित सैल ठेवा. बासने उडी मारून डोकं झटकलं की जड ल्यूअरच गळ उचकटतो. त्यामुळे रॉड खाली ठेवून त्याला पाण्यातच दमवा आणि रबराच्या मोठ्या जाळीत घ्या. तिहेरी गळ लोंबत असताना जबड्यात अंगठा घालून उचलायला जाऊ नका.

गळ लांब पकडीने काढा. हात ओले करा. मोठा बास जबड्याला धरून आडवा लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली हवाच. फोटो एक किंवा दोन. मोठ्या बासमध्ये पारा साठलेला असू शकतो, आणि किती खावा याच्या सूचना राज्यं प्रसिद्ध करतात. कालवणासाठी हा मासा योग्य नाही. कालवणाला बाजारातून दुसरा आणा आणि याला सोडा.

मस्की लागली तर तिला जाळीतच, पाण्यातच राहू द्या. तोंडात आणि कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. गळ खोल असेल तर बोल्ट कटरने कापून टाका, नवा गळ स्वस्तात मिळतो. म्हणून ते कटर पहिल्या दिवसापासून सामानात हवं. पाणी ऐंशी फॅरनहाइटच्या वर गेलं की दमलेली मस्की सोडल्यावरही मरण्याचा धोका बराच वाढतो. त्या दिवसांत मस्की असलेल्या तळ्यावर हे ल्यूअर न्यायचे नाहीत, दुसरं तळं बघायचं.

घरी आल्यावर ल्यूअर पुसून कोरडे करा, नाहीतर गळ गंजतात. मऊ प्लास्टिकचे आणि कडक प्लास्टिकचे एकाच डब्यात ठेवू नका. एकमेकांना चिकटून रंग विरघळतो आणि दोन्ही वाया जातात. जुलैमध्ये गाडीच्या डिकीत तर मुळीच विसरू नका.